मोटारीची रास्त किंमत

फोंड्याच्या मासळी बाजारात बांगड्यांचा वाटा पहिल्या सांगितलेल्या भावाने उचलणारा गृहस्थ विरळाच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तर भाव न करणाऱ्याकडे विक्रेतेही नवलाने पाहतात. परंतु हेच चोखंदळ गिऱ्हाईक मोटारीच्या दुकानात, ज्याला आता सर्वत्र शोरूम म्हणतात, पाऊल टाकते तेव्हा त्याची जीभ अडखळते. शंभर रुपयांच्या मासळीत दहा रुपये सोडवून घेणारा माणूस सात-आठ लाखांच्या गाडीचा छापील आकडा मुकाट्याने मान्य करतो, आणि विम्याचा व किरकोळ साजाचा खर्चही त्यात विनातक्रार मिळवू देतो. या संकोचाचे कारण माणसांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधणे अधिक फलदायी ठरेल. मोटारीची किंमत गिऱ्हाइकाने बोलून ठरवावी, ही कल्पनाच भारतात फार उशिरा रुजली. गोमंतकात तिला एकेकाळी वाव होता. तो १९६१ नंतर गेला आणि परत यायला जवळजवळ चार दशके लागली.

पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत गोव्याची स्थिती चमत्कारिक होती. १९५४-५५ च्या सुमारास भारत सरकारने गोव्याशी होणारा व्यापार व दळणवळण रोखले. त्यावर उतारा म्हणून पोर्तुगीज शासनाने परदेशी मालाच्या आयातीला दरवाजे सताड उघडे केले. डिचोली, सत्तरी, सांगे या महालांतील लोहखनिज जपान व पश्चिम जर्मनीकडे जात होते, आणि त्याच्या मोबदल्यात येणारा पैसा बाजारात खेळत होता. परिणामी शेजारच्या सावंतवाडीत किंवा बेळगावात ज्या वस्तू दृष्टीस पडणे कठीण, त्या पणजी-मडगावच्या दुकानांत मांडलेल्या असत. मोटारींचेही तसेच. मर्सिडीझ, ओपेल, फोक्सवॅगन अशा जर्मन गाड्या येथील रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धावत. गावोगावचा सामान्य माणूस अर्थातच कार्रेरमधून, म्हणजे प्रवासी बसमधून, दाटीवाटीने जाई. मोटार ही खाणमालकाची, भाटकाराची किंवा टॅक्सीवाल्याची. परंतु ज्याच्यापाशी पैसा होता त्याच्यापुढे निवड होती, आणि जेथे निवड असते तेथे विक्रेत्याला दोन पावले मागे यावे लागते. घासाघिशीचा सारा पाया एवढाच आहे.

येथे एक गंमतीची गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १ जून १९२८ रोजी पोर्तुगालने वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याचा नियम केला; पण गोव्याला त्यातून वगळले, कारण सभोवारच्या ब्रिटिश मुलखात डावी बाजू रूढ होती. त्यामुळे १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर गाडीवाल्यांना रस्त्याची बाजू बदलावी लागली नाही. बदलली ती बाजारपेठ. खुली आयात संपली, भारताचे आयात निर्बंध लागू झाले, आणि फोंड्यातील किंवा पेडण्यातील नव्या मोटारीचा इच्छुक अखिल भारतीय रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. जुन्या जर्मन टॅक्सी पुढे कित्येक वर्षे दुरुस्त करकरून वापरल्या गेल्या, त्या केवळ हौसेने नव्हे.

ही रांग कशी निर्माण झाली होती? १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून भारत सरकारने असे धोरण स्वीकारले की, ज्यांच्यापाशी देशात मोटार बनवण्याची योजना नाही, केवळ परदेशी भाग आणून जोडण्याचा धंदा आहे, त्यांनी तो आवरता घ्यावा. १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स आणि तिच्यासारखीच फोर्ड कंपनी त्यानंतर निघून गेली. मागे उरले ते मुख्यतः तीन कारखानदार: कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईत कुर्ल्याची प्रीमियर. प्रीमियर ही सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी. महाराष्ट्रातल्या आणि पुढे गोव्यातल्या मध्यमवर्गाचे मोटारीचे स्वप्न म्हणजे दीर्घकाळ तिची फियाट.

धोरणाचा हेतू स्वच्छ होता. परकीय चलन वाचवावे, उद्योग देशात रुजावा, ही त्या काळाची निकड होती, आणि त्याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि तीन उत्पादक, मर्यादित उत्पादन आणि वाढती मागणी यांचा हिशेब जसा व्हावयाचा तसाच झाला. १९५९ मध्ये मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर सरकारी नियंत्रणाचा हुकूम निघाला. इच्छुकाने नाव नोंदवावे, अनामत रक्कम गुंतवावी, आणि पाळी येण्याची वाट पाहावी, हा क्रम ठरून गेला. नवी गाडी मिळाली तरी ठराविक मुदतीपर्यंत ती विकता येत नसे. कारण उघड होते: नियंत्रित भावाने घेतलेली फियाट शोरूमच्या बाहेर येताच तिला अधिक भाव येई. चार वर्षे वापरलेल्या गाडीची किंमत नव्या गाडीइतकी असणे ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकात चमत्कार ठरेल. त्या काळी ती नित्याची होती. या वरकड रकमेला मुंबईच्या बाजारात ‘ऑन’ म्हणत. गिऱ्हाईक भाव करी, नाही असे नाही. परंतु ‘किती कमी?’ हा त्याचा प्रश्न नसे, ‘वर किती?’ हा असे.

रांगेचा दुसरा परिणाम मालाच्या दर्जावर झाला. जे काही कारखान्यातून बाहेर पडेल ते विकले जाणारच, अशी खात्री असलेल्या कारखानदाराने दरवाजा नीट बसतो की नाही, याची काळजी किती घ्यावी? तक्रारी इतक्या वाढल्या की १९६७ मध्ये मोटारींच्या गुणवत्तेची चौकशी करण्यासाठी सरकारला समिती नेमावी लागली.

याच सुमारास किमतीचा वाद पेटला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. भारतातील मोटारीच्या किमतीच्या इतिहासात याहून उद्बोधक प्रकरण दुसरे नाही. १९६९ मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या किमतीवर नियंत्रण ठेवणारा हुकूम काढून तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांचे भाव बांधून दिले. त्याला आधार होता १९५१ च्या उद्योग विकास व नियमन कायद्यातील १८-जी या कलमाचा. या कलमाप्रमाणे सरकारला वस्तूंचे न्याय्य वाटप व ‘रास्त किमतीला’ उपलब्धता साधण्यासाठी भाव ठरवता येतात. कारखानदारांचे म्हणणे असे की, या भावात उत्पादनखर्चही भागत नाही. सरकारचे म्हणणे असे की, ग्राहकाला लुबाडले जाऊ नये. दोन्ही बाजूंच्या संमतीने न्यायालयाने एक आयोग नेमला. आयोगाने पोलाद, रबर, मजुरी, घसारा, भांडवलावरील परतावा, विक्रेत्याचे कमिशन अशा प्रत्येक बाबीचा हिशेब तपासला.

२४ नोव्हेंबर १९७१ रोजी न्यायालयाने निकाल दिला. त्याचे सार असे की, रास्त किंमत म्हणजे केवळ गिऱ्हाइकाला परवडणारी किंमत नव्हे. उत्पादकाला खर्च वजा जाता वाजवी परतावा मिळेल, हेही रास्तपणातच येते. खर्च बदलला की किंमत ठराविक काळाने पुन्हा तपासली पाहिजे, हेही त्यात मान्य झाले. देशाच्या सर्वोच्च न्यायासनासमोर एका फियाटच्या किमतीतील एकेका घटकाची अशी चिकित्सा व्हावी, हे आज वाचताना विलक्षण वाटते. एका अर्थाने ती देशातील सर्वांत मोठी घासाघीसच होती. फक्त तिच्यात गिऱ्हाईक स्वतः हजर नव्हते. त्याच्या वतीने सरकार बोलत होते, आणि रांगेत पाच-सात वर्षे उभा असलेला माणूस निकालाकडे कोणत्या भावनेने पाहत असेल, हे कोणी विचारले नाही. त्याच्या दृष्टीने बांधलेला भाव दोनचार हजारांनी चढला काय नि उतरला काय, ‘ऑन’ देणे टळणार नव्हतेच. १९७५ मध्ये हे किंमत नियंत्रण उठले. रांग मात्र उठली नाही, कारण ती भावामुळे लागलेली नव्हती, टंचाईमुळे लागलेली होती.

पुढचा टप्पा सर्वांना ठाऊक आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. गाडीची किंमत होती ४७,५०० रुपये. अनामत भरून लाखाहून अधिक लोकांनी आधीच नावे नोंदवली होती, तेव्हा येथेही घासाघिशीचा प्रश्न उद्भवला नाही. ज्याला वाटपात लवकर क्रमांक मिळाला तो भाग्यवान. त्याने ती गाडी दुसऱ्याच दिवशी नफ्याने विकली, तर त्याच्या व्यवहारचातुर्याचे कौतुकच होई.

खरा पालट झाला तो १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाल्यावर, आणि त्याचे फळ दिसले १९९८ साली. त्या एका वर्षात ह्युंदाईची सँट्रो आली, देवूची मॅटिझ आली, आणि वर्षाच्या अगदी अखेरीस पिंपरीत बनलेली टाटांची इंडिका आली. या स्पर्धेपुढे मारुतीने आपल्या ८०० ची किंमत उतरवली. मोटारीची किंमत स्पर्धेच्या धाकाने खाली येते, हे त्या पिढीने प्रथमच पाहिले. त्यानंतर ‘ऑन’ हा शब्द मोटारीच्या बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला आणि ‘डिस्काउंट’ हा शब्द त्याच्या जागी आला.

या सर्व गाड्या एका घाटाच्या होत्या. आखूड बांधा, आणि मागे सामानाची स्वतंत्र पेटी नसून काचेसकट वर उचलला जाणारा दरवाजा. यालाच हॅचबॅक म्हणतात. फोंड्याच्या वरच्या बाजारातील किंवा देवळांच्या वाटांवरील अरुंद वळणांना हा बांधा सोयीचा. काही वर्षांतच या घाटात एक वरची पायरी निर्माण झाली: आकाराने लहानच, परंतु आतील साज, यंत्र आणि सुरक्षिततेची साधने मोठ्या गाडीची. २००८ अखेर आलेली ह्युंदाई आय-२०, २००९ ची होंडा जॅझ, २०१० ची चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो, २०१५ ची मारुती बलेनो आणि २०२० ची टाटा अल्ट्रोझ या त्या पायरीवरील गाड्या. त्यांना प्रीमियम हॅचबॅक म्हणण्याचा प्रघात आहे. या वर्गाच्या घडणीतही सरकारचा हात होता. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोलचे १२०० सीसी किंवा डिझेलचे १५०० सीसीपर्यंतचे इंजिन असलेल्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. मग या गाड्यांचे आराखडेच त्या फूटपट्टीने मोजून केले जाऊ लागले.

होंडा हे नाव गोमंतकीयाला जपानी कंपनीच्या आधी सत्तरीतील गावामुळे परिचित आहे. त्या गावीही बसगाड्यांचे सांगाडे बांधण्याचा कारखाना आहे, हा एक योगायोग. परंतु जपानी होंडाची जॅझ ही किमतीच्या अभ्यासकाने विसरू नये अशी गाडी आहे. जून २००९ मध्ये ती सुमारे सात लाखांना बाजारात आली. गाडी उत्तम, ऐसपैस, जाणकारांनी वाखाणलेली. पण गिऱ्हाइकांनी पाहिली, हात लावून पाहिला आणि परत गेली. एवढ्या आखूड गाडीला एवढी किंमत त्यांना रास्त वाटली नाही. ऑगस्ट २०११ मध्ये कंपनीने किंचित नवे रूप देऊन तीच गाडी साडेपाच लाखांपासून विकावयास काढली. सुमारे दीड लाखाचा फरक! हा भाव कोणा आयोगाने तपासला नव्हता, कोणा न्यायाधीशाने ठरवला नव्हता. हजारो लोकांनी न बोलता, केवळ दुसऱ्या दुकानात जाऊन, तो पाडून घेतला होता. १९७१ साली जे काम करण्यास आयोग आणि न्यायालय लागले, त्याच्याहून मोठे काम दोन वर्षांच्या ओस पडलेल्या विक्रीने केले.

मात्र एकट्या गिऱ्हाइकाला आपल्या एका गाडीपुरता भाव कमी करून घ्यायचा असेल, तर त्याचे मार्ग वेगळे. शोरूममध्ये सांगितल्या जाणाऱ्या किमतीचे दोन भाग असतात. एक्स-शोरूम किंमत ही कंपनीने जाहीर केलेली, करासहित. ऑन-रोड किंमत म्हणजे तिच्यात रस्ताकर, नोंदणी, विमा आणि दुकानदाराची इतर कलमे मिळवून झालेला आकडा. फोंड्याची नोंदणी जीए ०५ या क्रमांकाखाली होते. रस्ताकर प्रत्येक राज्याचा वेगळा, म्हणून कुडाळ, बेळगाव आणि फोंडा येथे एकाच गाडीचा अंतिम आकडा तीन प्रकारचा येतो. शेजारच्या राज्यात नोंदवून गाडी गोव्यात वापरण्याची युक्तीही फार दिवस चालत नाही, कारण मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात राहिलेल्या गाडीला तेथील नोंदणी घ्यावी लागते. कर कमी होत नाही. विमा मात्र दुकानदाराकडूनच घेतला पाहिजे असा कायदा नाही, आणि पायपुसण्या, आसनांची कव्हरे, रंगाचे लेप यांच्या सक्तीला तर काहीच आधार नाही. नेमक्या याच कलमांत विक्रेत्याला लवचीकपणा असतो. ‘पात्रांव, यापुढे एक रुपया नाही’ असे म्हणणारा विक्रेताही महिन्याचा आकडा गाठायचा असेल तेव्हा, आणि विशेषतः डिसेंबरात, उत्पादनाचे वर्ष जुने होण्याच्या भीतीने, पुष्कळ नमते घेतो. मुहूर्ताच्या गर्दीत मात्र तो ताठ असतो.

पण विक्रेत्याने नमते घ्यायचे ठरवले आणि कंपनीनेच त्याचा हात धरला तर? हा प्रश्न महाराष्ट्रातूनच पुढे आला. २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ई-पत्र गेले. ते मारुतीच्या विक्रेत्याने लिहिलेले असावे असे मानले गेले. मुंबई वगळता महाराष्ट्राच्या भागातील विक्रेत्यांना ठरवून दिलेल्या सवलतीहून एक रुपयाही अधिक सूट देता येत नाही, आणि दिल्यास दंड होतो, अशी त्यात तक्रार होती. चौकशीअंती आयोगाने २३ ऑगस्ट २०२१ रोजी निर्णय दिला. नाटकी गिऱ्हाइके दुकानात पाठवून, छुपे ध्वनिमुद्रण करून, कोणता विक्रेता जास्त सूट देतो याची टेहळणी केली जात होती, असा निष्कर्ष त्यात आहे. जास्त सूट देणाऱ्या दुकानाला आणि तेथील कर्मचाऱ्यालाही दंड होई. आयोगाने हे पुनर्विक्रीच्या किमतीवरील बेकायदा बंधन ठरवून कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड केला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले आणि अपिलाधिकरणाने दंडाच्या वसुलीस सशर्त स्थगिती दिली. याआधी २०१७ मध्ये ह्युंदाईला अशाच आरोपावरून झालेला ८७ कोटींचा दंड अपिलात २०१८ साली रद्द झाला होता, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने हा वाद एकतर्फी नाही. एका शहरातील सर्व विक्रेत्यांनी एकच भाव ठेवला तर ग्राहकाची फसवणूक टळते आणि लहान विक्रेता तग धरतो, असेही कंपन्यांच्या बाजूने म्हणता येते. तरीही तोतया गिऱ्हाईक आणि छुपा ध्वनिमुद्रक यांची गरज पडावी, यातच त्या युक्तिवादाचा दुबळेपणा दिसतो.

गोव्यात या प्रश्नाचे महत्त्व इतर राज्यांहून अधिक आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे येथील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार होती, आणि हे प्रमाण सर्व राज्यांत सर्वाधिक होते. जे घरोघरी असते ते चैनीचे म्हणता येत नाही.

आणि तरीही किमतीतील सर्वांत मोठा फेर अजून दिल्लीतच होतो, याचा प्रत्यय २०२५ साली आला. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी वस्तू व सेवा कराच्या दरांत कपात होणार असल्याचे लाल किल्ल्यावरून जाहीर केले. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती, गोव्यातील घरोघरची सर्वांत मोठी खरेदीची वेळ, आणि त्या दिवशी नवा दर काय असेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. ३ सप्टेंबरला परिषदेने निर्णय केला: लहान पेट्रोल गाडीवरील २८ टक्के कर आणि १ टक्का उपकर जाऊन १८ टक्के कर, तोही २२ सप्टेंबरपासून. करापूर्वी सहा लाखांची गाडी ७ लाख ७४ हजारांवरून ७ लाख ८ हजारांवर आली. ६६ हजारांचा हा फरक कितीही घासाघीस करून पदरात पडला नसता. मधले दिवस पितृपक्षाचे, आणि २२ सप्टेंबरला नेमकी घटस्थापना. तेव्हा ज्यांना चतुर्थीचा मुहूर्तही सोडवेना आणि कराची कपातही, त्यांच्यासाठी मध्यममार्ग निघाला: नोंदणीची रक्कम चतुर्थीला भरायची, आणि बिल व ताबा घटस्थापनेला घेऊन गाडी मंगेशीच्या किंवा कवळ्याच्या वाटेला लावायची.